दोन वाट्यांचा अध्यक्ष

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर तर्री-पोहे खाल्ले. त्यानं दोन प्लेटा, म्या एक. त्याले भूक होती म्हणून दोन, असं नाही. सत्तर पार केलेल्या माणसाले सकाळी साडेनऊले दोन प्लेटा कायले लागते? पण अध्यक्षाले दोन वाटे, असा त्याचा नेम होता. दुसरी प्लेट अर्धी टाकून दे, पण मांगे जरूर. टपरीवाल्यालेही ठाऊक होतं. पयली हातात देतानाच तो दुसरी भरून ठेवे.

"अध्यक्षसाहेब, तर्री जास्त टाकू का?"

"एकीत टाक. दुसरी पदाची आहे, ते सादीच राहू दे."

त्या दिवशी खाता खाता तो मले म्हणाला, "मिस्त्री, यंदाच्या सभेत सातवा विषय घेतो."

"मागच्या साली बी हेच म्हटलं तुम्ही."

"मागच्या साली वेळ संपला."

"दर साली सहाव्या विषयावरच वेळ संपते तुमचा."

"सभा आहे ते. तुह्या घरचं जेवण नाही, का पायजे ते आधी वाढून घेतलं."

मले राग आला. म्या पोहे तसेच ठेवले अन् उठलो. तो बसूनच राह्यला, पदाच्या प्लेटीतला एक घास खाल्ला, कोटाचा बिल्ला सरळ केला. एवढंच. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचा पुतण्या सायकल घेऊन आला अन् म्हणाला, काका गेले. छातीत दुखते म्हणून खाटेवर टेकले, उठलेच नाही.

सातवा विषय म्हणजे काय ते सांगतो. पण आधी हा माणूस कोण होता ते सांगा लागीन, नाहीतर मले राग काहून आला ते कोणाले समजणार नाही.

वणीतून चंद्रपूर रोडनं निघालं का डाव्या हाताले आमची लाइन आहे. टिनाचे शेड, एकाले लागून एक. कोळशाच्या ट्रकाच्या बॉड्या इथंच बनत. लाकडाचं काम माह्यं, माह्या बाजूले वेल्डरभाई, त्याच्या पुढं पेंटर, अन् टोकाले हा. ट्रकाखाली चाकावर जे वाकलेले लोखंडी पट्टे असते, त्याले कमानपट्टे म्हणते. ट्रक जास्त भरला का ते तुटते. ते तापवून, ठोकून, पुन्हा वाक देऊन बसवाचं याचं काम. हात चांगला होता, हे मी कबूल करतो. त्यानं बसवलेला पट्टा लवकर परत येत नव्हता. पण ते काम त्यानं मधातच पुतण्यावर सोडलं अन् सवता अध्यक्ष झाला. म्हणजे धंदाच तो झाला त्याचा.

त्याचा बाप सालदार होता. वर्षाच्या बोलीवर एका मालकाकडं राबाचं, वर्ष सरलं का तिथंच पुन्हा नवी बोली. त्यानं मले एकदा सांगतलं होतं, "मिस्त्री, माह्या बापाले ओसरीवर बसता येत नव्हतं. खाली, पायरीले टेकून बसे. चाळीस वर्षं त्याच पायरीले. पायरी गुळगुळीत झालती, पण मालक कधी वर ये म्हणाला नाही." हे सांगताना तो खुर्चीत बसला होता अन् एका हातानं खुर्चीचा हात चोळून राह्यला होता. त्याच्याबद्दल मले जेवढी दया आली असेल ते त्या एका दिवशी.

आमची संघटना म्हणजे लाइनीतल्या कारागिरांची. म्या त्याले पयल्यांदा पाह्यलं तवा तो सभेत सतरंज्या टाकत होता. दुसऱ्या साली पाण्याचा जग त्याच्या हातात आला. मंग हजेरीची वही. मंग सह-सचिव, मंग सचिव. पायरी एकबी सोडली नाही त्यानं. सह-सचिव होईपर्यंत मी त्याले 'तू' म्हणे. सचिव झाला त्या दिवशी मले बाजूले घेऊन म्हणे, "मिस्त्री, चार लोकात आता तुम्ही म्हणत जा. माह्यासाठी नाही, पदासाठी." मले वाटलं मस्करी करून राह्यला. पण चार लोक नसतानाही 'तू' म्हटलं का तो ओ देत नव्हता. म्हणून तुम्ही म्हणाले लागलो. जीभ वळली ते वळलीच.

अध्यक्ष झाल्यावर तर बस्. पाच-पाच वर्षांची निवडणूक घे. उभा तो एकटाच राहे, तरी प्रचार करे. शेडाशेडात जाऊन हात जोडे. निवडून आल्यावर विरोधकांचेही आभार माने. विरोधक कोणी नव्हता, पण भाषणात ते वाक्य होतं, तर ते म्हणा लागे. मले त्यानं उपाध्यक्ष केलं, कारण मी कधी तोंड उघडत नव्हतो. फोन आला का, "अध्यक्ष बोलून राह्यलो." पलीकडून कोणी इचारलं, कोणचे अध्यक्ष, तर फोन ठेवून दे. मे महिन्यात वणीत टिनाखाली उभं राहावत नाही, अशा उन्हात हा काळा कोट घालून फिरे. कोटाच्या एका खिशात शिक्का, दुसऱ्या खिशात शाईची गादी. कोणाच्या लगनाची पत्रिका आली का मांगच्या बाजूले 'पोचली' असा शिक्का मारून परत पाठवे.

त्याचं लगन झालतं. दोन वर्षांत बायको माहेरी गेली, ते आलीच नाही. रोज संध्याकाळी हा सभेत, मंग ते बाई घरी कोणाले पाहीन? कोणी इचारलं तर म्हणे, "तिनं राजीनामा देल्ला. म्या मंजूर केला." लोक हासत. मी बी हासलो असेन.

एक मेच्या झेंडावंदनाचं कार्ड एका साली संघटनेच्या नावानं आलं. कार्ड काय आलं, हा आठ दिवस आधीपासून हवेत. पयल्या रांगेत साहेब लोक, डॉक्टर, पुढारी. आमची जागा मांगं, शाळेच्या पोरायच्या मांगं. त्यानं एकदा पाह्यलं अन् निघून गेला. मले वाटलं गेला घरी. पंधरा मिनिटांत हातठेल्यावर आपली खुर्ची घेऊन आला. ते सागवानाची खुर्ची म्याच करून देल्ली होती. पयल्या रांगेच्या टोकाले ठेवली अन् बसला.

बिल्ला लावलेला एक माणूस धावत आला. "काका, इथं नाही बसता येत."

"खुर्ची तुमची असती तर नसतो बसलो."

"पण रांग आमची आहे ना."

"मंग रांग उचलून न्या."

कोणी उठवलं नाही त्याले. पण मंडपाचं कापड तिथवर नव्हतं. सगळी रांग सावलीत अन् हा एकटा उन्हात, कोट घालून, घाम निथळून राह्यलेला, मान ताठ. भाषणं तासभर चालली. त्याच्याकडं कोणी पाह्यलंही नाही. घरी येताना ठेला मी ढकलत होतो, तो बाजूनं चालत होता. म्हणे, "पाह्यलं ना? साहेबायच्या रांगेत बसलो." मी म्हटलं, "हो, पाह्यलं." दुसरं काय म्हणू?

आता ते दोन वाट्याचं. आमच्या वर्धापन दिनाले पाहुणा पायजे होता. पुढारी कोणी येत नव्हता, म्हणून कॉलेजातल्या एका इतिहासाच्या प्रोफेसरले बोलावलं. भला माणूस होता. त्यानं आमच्यासारख्या कारागिरांवर बोलाचं म्हणून रोमची गोष्ट सांगतली. म्हणे, दोन हजार वर्षांआधी रोममधी बी सुतारांच्या, लोहारांच्या, कापडवाल्यांच्या अशाच संघटना होत्या. त्यात सुटका झालेले गुलाम राहत. गावच्या कारभारात त्यायले जागा नव्हती, कितीही पैसा असो. पण आपल्या संघटनेत ते खालून वर चढत जात अन् पाच वर्षांसाठी अध्यक्ष होत. मंग त्यायचं नाव दगडावर कोरत. संघटनेचं जेवण असलं का अध्यक्षाले दोन वाटे. अन् त्या संघटनांचं एक मोठं काम काय, तर सभासद मेला का त्याले नीट मातीत पोचवणं. गरिबाचं प्रेत बेवारशी जाऊ नये म्हणून.

आमचा अध्यक्ष पयल्या रांगेत तोंड उघडं टाकून आयकत होता. कोणी इतक्या वर्षांत त्याले त्याचीच गोष्ट सांगतली नव्हती. शेवटी उठला अन् एकच प्रश्न इचारला. "सर, दगडावर त्या अध्यक्षाच्या बापाचं नाव राहे का?"

प्रोफेसर म्हणाले, "नाही. गुलामाला कायद्यानं बाप नसायचा. त्याला मोकळं करणाऱ्या मालकाचं नाव लिहीत."

तो खाली बसला. त्या दिवशीच्या जेवणात दोन लाडू घेतले, ते तिथून सुरू झालं. संध्याकाळी मले म्हणे, "मिस्त्री, तिथंबी मालकाचंच नाव."

प्रोफेसरकडून त्यानं ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं, कागद प्लास्टिकमधी बंद करून ऑफिसात टांगला. तिथून पुढं कोणतीही गोष्ट निघाली का, "रोममधी असं नव्हतं." गाडीवाल्यानं आधी नंबर लावला नाही, रोममधी असं नव्हतं. पेंटर सभेत विडी प्याला, रोममधी असं नव्हतं. म्या एकदा इचारलं, "रोम आहे कोठी?" तर म्हणे, "दूर आहे. पण लाइन आपल्यासारखीच आहे."

मंग दगडही पायजे झाला. लाइनीच्या तोंडाशी आम्ही पाणपोई बांधली. दोन रांजण बसतीन एवढीच. पण तिच्यावर पाटी बसवली संगमरवराची, रांजणापेक्षा मोठी. सगळ्यात वर याचं नाव, बोटाएवढ्या अक्षरात, खाली आम्हा बाकीच्यांचं मुंगीएवढ्या. पाणपोईवर सावलीची ताडपत्री पायजे होती, ते माह्या बायकोनं शिवून देल्ली. पाटी लागली तवा तिनं पाह्यली अन् म्हणाली, "पाणी कमी अन् नावंच जास्त आहे भाऊजी."

तो हासला. "वयनी, पाणी लोक पिऊन टाकते. नाव कोण पिते?"

तिचं नाव त्या पाटीवर नव्हतं. तिनं इचारलं नाही, म्या सुचवलं नाही. तवा सुचलंच नाही, हे खरं आहे. खोटं कायले बोलू?

ती ताडपत्र्या शिवे. कोळसा उडू नये म्हणून ट्रकावर जे जाड कापड टाकते ते. दाभणानं, सुतळीनं, मांडीवर घेऊन. उजव्या तळहाताले घट्टा पडलता, असा का त्यावर टाचणी टोचली तरी समजत नव्हतं. माह्या शेडाच्या मागच्या पडवीत बसे. तीस-पस्तीस वर्षं. ट्रकवाले म्हणत, मिस्त्री, बॉडी कोणाची बी चालीन, पण ताडपत्री काकूच्या हातची पायजे. माह्यी कमाई कोणची अन् तिची कोणची, हे आम्ही कधी वेगळं केलं नाही. म्हणजे सगळी माह्यीच म्हटली जाये.

आता फळ्याचं सांगतो. आमच्या लाइनीत एक रीत आहे, संघटनेच्याही आधीची. लाइनीतला कारागीर मेला का लाइनीच्या तोंडाशी काळा फळा आहे, त्यावर खडूनं लिहाचं, 'आज लाइन बंद'. खाली त्याचं नाव अन् नावाखाली त्याच्या हातचं काम. मंग मयत निघेपर्यंत एकही हातोडी वाजत नाही, कटर चालत नाही. ट्रकवाला कितीही घाईचा असला तरी फळा वाचते अन् उभा राहते. एवढीच आमची इज्जत. आमच्यासाठी दुसरं कोणी कायले थांबते?

बायकायचं काय, हा प्रश्न पयल्यांदा वेल्डरभाईनं काढला. त्याची घरवाली गेली, त्याले आता लय वर्षं झाली. तो सकाळीच ऑफिसात आला. म्हणे, फळा लिखो. तातडीची सभा बसली. अध्यक्ष म्हणाला, हात वर करून ठरवू. अन् पयला हात कोणी वर केला? म्या. विरोधात. माह्या शेडात एक बॉडी दुसऱ्या दिवशी द्याची होती. म्या म्हटलं, "आज बायको, उद्या सासू, मंग लाइन चालन कवा?" बाकीचे हात माह्या मांगं वर गेले. अध्यक्षानं वहीत लिहिलं, शिक्का मारला. जो लाइनीत हातानं काम करते अन् सभासद आहे, त्याच्यासाठीच फळा. वेल्डरभाईनं माह्याकडं एकदा पाह्यलं अन् गेला. त्या दिवशी मी बॉडीच्या फळ्या ठोकत होतो अन् बाजूच्या शेडातून मयत निघाली.

चार वर्षं झाली, माह्यी गेली. सकाळी चहा केला, माह्यापुढं ठेवला, अन् ताडपत्रीवरच आडवी झाली. आमचं घर शेडाच्या मागंच आहे. अध्यक्ष पयला आला. कोट न घालता आला, बंडीवर. तिच्या बाजूले जमिनीवर बसला. ढसाढसा रडला, आपल्या बहिणीसाठी रडावं तसा. "वयनी, आता मले कोण बोलंल?" असं म्हणे.

मी त्याले बाहेर घेऊन गेलो. म्हटलं, "अध्यक्ष, फळा लिहा."

त्यानं डोळे पुसले. "नाही लिहिता येत मिस्त्री."

"ते हातानं काम करे. तीस वर्षं. तुम्ही पाह्यलं ना डोळ्यानं?"

"पाह्यलं."

"मंग?"

"सभासद होती का?"

म्या पडवीतल्या ताडपत्र्यायकडं हात केला.

"तू तिच्या नावाचा अर्ज देल्ला होता का कधी? एकदा तरी? म्या नाही म्हटलं असतं तर आज माह्या तोंडावर थुकला असता. पण तू देल्लाच नाही. नियम केला तवा हात तुहाच पयला होता. वहीत आहे."

"वही गेली खड्ड्यात."

"वही गेली तर मी कोण राहतो मिस्त्री? सतरंजी टाकणाराच ना." अन् मंग हळूच म्हणे, "मी माणूस म्हणून आलो. अध्यक्ष म्हणून नाही येऊ शकत."

मले त्याच्या नरडीले हात घालाचा होता. घातला नाही, कारण तो खरं बोलत होता. खोटं बोलला असता तर मारला असता.

ती अंगणात होती अन् लाइन चालू होती. ज्यानं हे आयकलं नाही त्याले सांगून काय समजणार? बाया तिले आंघोळ घालत होत्या अन् घण पडून राह्यला होता. तिच्या कपाळावर कुंकू लावत होत्या तवा कटर किरकिरत होता. एक ट्रकवाला बाहेरून ओरडला, "मिस्त्री, माह्यी बॉडी झाली का?" कोणीतरी त्याले चूप केलं. एकच शेड बंद होतं. वेल्डरभाईचं. त्यानं सकाळीच शटर ओढलं अन् कोणाले काही न सांगता येऊन बसला माह्याजवळ. ज्याच्या बायकोसाठी म्या हात आडवा केला, त्यानं. मले तोंड वर करून पाहावेना. अध्यक्षानं खांदा देल्ला, मोक्षधामापर्यंत. घाटावर त्याच्या, फळा न लिहिलेल्या हाताकडं पाहून मले किळस आली.

त्याच साली म्या अर्ज केला. ताडपत्री शिवणाऱ्या बायका अन् शेडात हातानं राबणाऱ्या सगळ्या बायका, त्या सभासद धराव्या. मेल्या त्याही धराव्या. पुतण्यानं लिहून देल्ला, म्या खाली सही केली. सही मले येते, चवथी शिकलो आहे. अध्यक्षानं अर्ज दोन्ही हातानं घेतला, शिक्का मारला, विषयपत्रिकेत सातव्या नंबरवर टाकला. अन् दर साली सहाव्या विषयावर वेळ संपे. सहावा विषय म्हणजे पदाधिकाऱ्यांचा सत्कार.

मले आजही ठाऊक नाही, तो मुद्दाम करे का भेत होता. आता असं वाटते का भेत होता. त्याले वाटे, नियम एकदा हालला का खुर्ची हालीन. ज्यानं जन्मभर एकच गोष्ट कमावली, ते कोणाले वाटून देईन असं होत नाही. मालकानं तरी त्याच्या बापाले ओसरीवर कुठं घेतलं होतं? ते पायरी होती ना, ते यानं फक्त उचलून आपल्या दारासमोर ठेवली. हे म्या त्याले तोंडावर सांगतलं नाही. सांगाले पायजे होतं.

पुतण्यानं बातमी आणली त्या संध्याकाळी मी गेलो, बसलो. खाटेवर तो कोटातच होता. पुतण्या म्हणाला, "काका, आता तुम्हीच कार्याध्यक्ष. सकाळी फळा तुम्हाले लिहा लागीन." मी हो म्हटलं अन् आलो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फळ्याजवळ गेलो तर सगळी लाइन तिथंच उभी. आता लाकडाच्या बॉड्या कोणी करत नाही, तयार टिपर येते, शेडात नवे पोट्टे आहे, वेल्डिंगचे, हायड्रॉलिकचे. त्यातल्या एकानं इचारलं, "काका, बंद ठेवाचं का?" मोबाइल खिशात टाकून इचारलं त्यानं, नीट उभं राहून. जन्मात पयल्यांदा कोणी माह्या हुकमासाठी थांबलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर लाइन चालू राह्यली असती. त्याच्या अंगणात घण आयकू गेला असता. मी खडू हातात घेऊन उभा राह्यलो अन् हे मनात घोळवत राह्यलो, खोटं कायले सांगू. बराच वेळ घोळवलं.

मंग म्या लिहिलं, आज लाइन बंद. अक्षर वाकडं आलं. पोट्टे पांगाले लागले, शटर खाली येऊ लागले.

वेल्डरभाई मांगं उभा होता. म्हणे, "क्या मिस्त्री, नाम लिख ना अब."

म्या वळून त्याले इचारलं, "तुह्या घरवालीचं नाव काय होतं बे?"

चाळीस वर्षं आमची भिंत एक आहे. मले ठाऊक नव्हतं.

तो माह्याकडं पाहतच राह्यला. "काहे कू पूछ रहा अब?"

"सांग ना."

"हमीदा." मंग थोडं थांबून, "हमीदाबी."

"हातचं काम?"

"औरत थी मिस्त्री, काम क्या लिखेगा..." तो फळ्याकडं पाहत होता. "शेड के पंद्रह आदमी की रोटी बनाती थी. रोज."

म्या लिहिलं. हमीदाबी. पंधरा माणसायच्या भाकरी. तिच्याखाली लिहिलं, पंचफुला. ताडपत्री. हे नाव म्या कधी तोंडानं घेतलं नव्हतं अन् हातानं लिहिलं नव्हतं. लिहिताना खडू दोनदा मोडला. तिच्याखाली वीतभर जागा उरली होती, तिथं अध्यक्षाचं नाव लिहिलं. अन् त्याखाली हातचं काम. कमानपट्टा.

पुतण्या जवळ आला. रात्रभर रडून डोळे सुजले होते त्याचे. त्यानं तीनही नावं वाचली. हळूच म्हणाला, "काका, नावापुढं 'अध्यक्ष' लिहा ना. त्यायले बरं वाटलं असतं."

"जागा संपली," म्या म्हटलं, अन् उरलेला खडू खिशात टाकला.